वाऱ्याची वेळ

अल बर्शातल्या आमच्या घरात, बेडरूमच्या कपाटात, एक जाडजूड थंडीचा कोट टांगलेला आहे. दिवाळीच्या सफाईत मुलगी तो दर वर्षी बाहेर काढते. "आई, धिस इज दुबई. हू नीड्स धिस?" मी तो परत आत टांगते. हा कोट मी विकत घेतला, पण थंडीत एकदाही घातला नाही. तो दुसऱ्याने घातला. ज्यांनी तो माझ्या अंगावरून उतरवून दुसऱ्याला दिला, त्यांचा वचपा मी कसा काढला ते आता लिहून टाकते. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

आम्ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दुबईला आलो. नवरा अकाउंटंट, मी पुण्यातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालेली, नवऱ्याच्या व्हिसावर. आम्हाला इथे आणलं ते नवऱ्याच्या शाळेतल्या मित्राने. त्यानेच नवऱ्याला नोकरी लावून दिली, करामा भागातला फ्लॅट शोधून दिला, फ्लॅट मिळेपर्यंत महिनाभर स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. मी त्यांना भाऊजी म्हणायचे, ते मला वहिनी म्हणायचे. वर्षभरात त्यांनी मलाही त्यांच्या ट्रेडिंग कंपनीत घेतलं. पंप, जनरेटर, केबल, जे खपेल ते विकायची ती कंपनी. कागदावर मी सेक्रेटरी होते. ड्रॉइंग मी वाचायचे, कोटेशन मी बनवायचे, कुठला जनरेटर कुठे बसेल ते मी ठरवायचे, आणि खाली सही त्यांची. पाहुणे असले की मी "मॅडम" व्हायचे, आणि सुट्टीच्या दिवशी काम करून हवं असलं की "वहिनी, प्लीज".

कंपनीचा स्पॉन्सर, म्हणजे ज्याच्या नावाशिवाय परक्याला तिथे धंदा करता येत नसे तो स्थानिक माणूस, एक म्हातारा अरब गृहस्थ होता. ऑफिसात सगळे त्याला अरबाब, म्हणजे मालक, म्हणत. उम्म अल कुवेनच्या बाजूला, अगदी समुद्राला लागून, त्याचं शेत होतं. खजुराची झाडं, बकऱ्या, मधोमध एक बंगला. जुन्या दिवसांत त्याचं घराणं मासेमारीचं. मुंबईला जाऊन येऊन तो हिंदी शिकला होता आणि आमच्याशी हिंदीतच बोलायचा. मोठं काहीही करायचं तर त्याचा होकार लागे. भाऊजी सगळ्या जगाशी ऐटीत बोलत, पण त्याच्यासमोर त्यांची मान आपोआप खाली जायची.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आमच्या ऑफिसात एक डेन्मार्कचा माणूस आला. पन्नाशीचा, लांब हातापायांचा, हातात पवनचक्क्यांच्या फोटोंचं पाकीट. त्याच्या गावात आता मोठ्या चक्क्या उभ्या राहणार होत्या, म्हणून जुनी लहान चक्की उतरवून विकायची होती. मशीन चांगलं होतं, अजून बरीच वर्षं चाललं असतं. भाऊजी मीटिंगमध्ये होते, म्हणून तो माझ्या टेबलासमोर बसला आणि मी विचारलं म्हणून सांगत गेला.

तो तरुण होता तेव्हा तुमच्या या भागातून येणारं तेल अडलं, तो म्हणाला. त्याच्या देशाकडे तेव्हा स्वतःचं असं काहीच नव्हतं, सगळं बाहेरून यायचं. रविवारी गाडी काढायला बंदी झाली. तो आणि त्याचे मित्र रिकाम्या हायवेवरून सायकली फिरवत बसले. दुकानांचे दिवे बंद, घरं गार. "आमच्या लोकांना राग आला," तो म्हणाला, "आणि राग आलेला माणूस दोनच गोष्टी करतो, तोडतो नाहीतर बांधतो." मग कुठे एखादा सुतार, कुठे लोहार, कुठे शाळामास्तर, आपापल्या परसात चक्क्या बांधायला लागले. पहिल्या चक्क्या मोडल्या. पाती उडून शेजारच्या शेतात पडली. पण हे लोक एकत्र जमायचे आणि कुणाचं काय मोडलं ते एकमेकांना उघडपणे सांगायचे, लपवायचे नाहीत. पुढे गावं वर्गणी काढून चक्की घ्यायला लागली. नियम एकच होता. हिस्सा फक्त जवळ राहणाऱ्याला. ज्याच्या कानावर तिचा आवाज पडतो, तोच तिचा मालक.

"म्हणजे आमच्याकडची दूध सोसायटीच की," मी म्हटलं आणि सोसायटी म्हणजे काय ते त्याला समजावलं. तो खूश झाला. तेवढ्यात भाऊजी केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "मॅडम, जरा चहा सांगा."

मला ती गोष्ट फार आवडली. अख्ख्या देशाने दगड न उचलता वचपा काढला होता. आणि ज्या भागाने त्यांना गारठवलं, त्याच भागात तो माणूस आता वारा विकायला आला होता. माझ्या माहेरच्या बायकांना हे फार पटलं असतं. आमच्याकडे विसरण्याची पद्धत नाही.

अरबाबने होकार दिला. शेतावर एक चक्की लावायची, पंप आणि बंगल्याचे दिवे त्यावर चालवायचे. नीट चालली तर किनाऱ्यावर आणखी लावायच्या, आणि ते सगळं काम भाऊजींच्या कंपनीला. भाऊजी त्या दिवशी आमच्या घरी पेढे घेऊन आले. "वहिनी, मशीन आलं की ते तुमचं. तुम्ही इनचार्ज. त्याआधी ट्रेनिंगला तुम्हाला डेन्मार्कला पाठवतो. शब्द दिला." नवरा हसत होता, मुलगी पेढ्याचा खोका घेऊन पळत होती. सेक्रेटरीच्या खुर्चीतून उठून इंजिनिअरच्या खुर्चीत बसायची माझी ती पहिली आणि, मला तेव्हा वाटलं तसं, शेवटचीच संधी होती.

आधी वाऱ्याचा अभ्यास करायचा होता. शेतावर खांब उभा केला, वर वाऱ्याने गरगरणाऱ्या वाट्या, खाली नोंद करणारं यंत्र. वर्षभर ते काम मी केलं. खरं सांगायचं तर वारा काय करतो हे मला आधीपासूनच ठाऊक होतं. तेव्हा दुबईत आमच्यासारख्या कंपन्यांची दोन शिफ्ट असत. सकाळी आठ ते एक, मग घरी जाऊन जेवण आणि झोप, आणि चारला पुन्हा ऑफिस. दुपारी अख्खी करामा झोपायची. पुरुषमंडळी एसी लावून, पडदे ओढून, डोक्यावर चादर घेऊन. मी त्या वेळात धुणं वाळत घालायचे. सकाळी बाल्कनीत कपडे लावले तर ते दमट हवेत तसेच लोंबकळत राहायचे, पानही हलायचं नाही. दोनच्या सुमाराला समुद्राकडून वारा सुटायचा, चिमटे उडवायचा, ओढण्या शेजारच्या बाल्कनीत न्यायचा, आणि संध्याकाळ उलटून जाईपर्यंत वाहायचा. शेतावरच्या यंत्रानेही तेच सांगितलं. मधूनमधून शमाल, म्हणजे उत्तरेकडचा मोठा वारा, आला की दोन-तीन दिवस रात्रंदिवस घोंघावायचा. एरवी सकाळी शांत, दुपारी वारा.

वर्ष संपल्यावर मी हे सगळं घेऊन भाऊजींच्या केबिनमध्ये गेले. तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "वहिनी, ॲव्हरेज सांगा. ॲव्हरेज चांगलं आहे का?"

"ॲव्हरेज चांगलं आहे, पण..."

"खलास. मग झालं तर." आणि फोन उचलला.

ॲव्हरेजमध्ये सकाळ-दुपार कळत नाही. पण त्यांना पुढचं ऐकायचंच नव्हतं, आणि मीही तेव्हा म्हटलं, मशीन माझ्याच ताब्यात येणार आहे, मला माहीत आहे ना, बस्स.

मग मी कोट घेतला. दुबईत थंडीचा कोट शोधणं म्हणजे वाळवंटात होडी शोधणं. देरा बाजारातली दुकानं पालथी घातल्यावर एका कोपऱ्यात सापडला. बायकांचा नव्हताच, पुरुषी कापाचा होता, बाह्या लांब होत्या. मी त्या दुमडून शिवून घेतल्या. व्हिसाचे फोटो काढले. पासपोर्ट भाऊजींच्या कपाटात होता, इथे तेव्हा सगळ्यांचेच पासपोर्ट मालकाकडे असत. मी मागितला, ते म्हणाले, "देतो ना, घाई काय आहे."

गणपतीत आम्ही त्यांच्या घरी होतो. दर वर्षी मोदक करायला मला बोलावत. मी तळणीचे मोदक कढईत सोडत होते तेव्हा त्यांची बायको ओट्याला टेकून म्हणाली, "अगं, तू तो कोट घेतलायस ना? देतेस का? माझा भाऊ चाललाय डेन्मार्कला. दोन आठवड्यांसाठी नवीन कोट कशाला, उगाच."

मी झारा तसाच हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. तिला खरंच वाटत होतं की मला माहीत आहे. तिचा भाऊ शारजात एसी विकायचा. बी.कॉम. झालेला. बोलायला गोड, मोटरसायकल झकास चालवायचा.

भाऊजींना गाठलं तर ते आरतीचं तबक हातात घेऊन उभे होते. "वहिनी, तुमच्या भल्यासाठीच. तुम्ही बाईमाणूस, तिथे बर्फात टॉवरवर चढायचं. घरात मुलगी लहान. आणि तो आपलाच आहे ना, परका थोडाच आहे? तुमचं काम तुमचंच राहील. तुम्ही त्याला गाइड करा."

आयत्या बिळावर नागोबा तो, आणि त्याला बिळाची वाटही मीच दाखवायची! मी आरतीला टाळ्या वाजवल्या. घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. त्यांचे आपल्यावर उपकार आहेत." हे वाक्य मी लग्नानंतर इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर वेगळं पुस्तक होईल. उपकार होतेच. म्हणून तर नोकरी सोडून दार आपटता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कोटाच्या बाह्यांची शिवण उसवली, लांबी पूर्ववत केली आणि कोट त्यांच्या घरी पोहोचवला. शिवण उसवताना मी ठरवलं की याचं उट्टं काढायचं. कसं ते माहीत नव्हतं, घाईही नव्हती.

तो मेहुणा डेन्मार्कला जाऊन आला. कोटावर तेलाचा मोठा डाग पडला होता. "वहिनी, ड्राय क्लीन करून ठेवा हां," म्हणाला. सोबत निळ्या डब्यातली डॅनिश बिस्किटं दिली, "खास तुमच्यासाठी, तिकडची." डब्याच्या तळाला करामातल्या सुपरमार्केटचं स्टिकर होतं, आठ दिरहम. नवरा म्हणाला, "म्हणजे शंभर रुपये! बरीच महाग की." मी तो डबा बरीच वर्षं ठेवला होता, सुयादोऱ्यांसाठी. स्टिकर काढलं नाही.

चक्की हिवाळ्यात उभी राहिली. डेन्मार्कचा तो माणूस स्वतः आला होता. नेमका त्या आठवड्यात शमाल लागला होता. तीन पाती, लाल टोकांची, पहिल्या तासापासून अशी फिरायला लागली की विचारू नका. भाऊजी टॉवरखाली उभे राहून फोटो काढून घेत होते. मेहुणा कंपनीची टोपी घालून कंट्रोल पॅनेलशेजारी उभा होता. सगळ्यांना वाटलं ही अशीच फिरते, दिवसरात्र. मेहुण्याने तिकडे डेन्मार्कात जे पाहिलं तेही तसंच, तिथल्या वाऱ्याला दुपार-सकाळ नसते. पुढेही तो शेतावर जायचा तो संध्याकाळच्या शिफ्टला, समुद्राकाठी हवा खायला. तेव्हा ती फिरतच असायची.

डेन्मार्कच्या माणसाने मला बाजूला घेऊन विचारलं, "तू येणार होतीस ना? का नाही आलीस?"

"कोट नव्हता," मी म्हटलं.

त्याने मला टॉवरजवळ नेलं आणि लोखंडावर हात ठेवायला सांगितला. आतून बारीक थरथर येत होती, झोपलेल्या मांजरासारखी. या चक्कीत त्याच्या वडिलांचा हिस्सा होता. आई स्वयंपाकघरातून हिचा आवाज ऐकायची आणि आज धुणं बाहेर घालायचं की नाही ते ठरवायची. मी हसले. माझ्या बाल्कनीची गोष्ट मी त्याला सांगितली, दुपारच्या वाऱ्याची. तो म्हणाला, "मग हिला शेजारीण मिळाली. हिच्याकडे लक्ष दे." आणि तो गेला.

एप्रिलमध्ये भाऊजींनी समारंभ ठरवला. अरबाब, त्याचे मुलगे, त्याचे ओळखीचे मोठे लोक. चक्की दाखवायची, जेवण द्यायचं, आणि त्याच दिवशी पुढच्या सगळ्या चक्क्यांचा होकार घ्यायचा. भाऊजींनी कंपनीचा सगळा जीव त्यात घातला होता. नवीन ऑफिसची जागा बघून ठेवली होती. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "वहिनी, वेळ काय ठेवू?"

त्या क्षणी मला कळलं की हीच ती वेळ. गणपतीपासून मी जिची वाट बघत होते ती आपण होऊन समोर येऊन बसली होती, माझंच मत विचारत.

"सकाळी नऊ," मी म्हटलं. "ऊन चढायच्या आत. अरबाबचं वय झालंय, दुपारी त्रास होतो."

"वा वहिनी! तुम्ही आहात म्हणून चाललंय सगळं."

मी घरी येऊन मन लावून पुरणपोळी केली. नवऱ्याने विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "सहज."

समारंभाच्या दिवशी शेतावर तंबू टाकला होता, खुर्च्या, गालिचे, केटररची भांडी. समुद्र ताटासारखा सपाट. खजुराची एक झावळी हलत नव्हती. भाऊजी सुटात घामाघूम झाले होते. टॉवरच्या पायथ्याशी त्यांनी नारळ फोडला, मेहुण्याने हसत हसत बटण दाबलं आणि सगळ्यांनी माना वर केल्या.

लाल टोकांची तीन पाती आकाशात उभी. जशी होती तशी.

मेहुण्याने पुन्हा बटण दाबलं. पॅनेलचं दार उघडून आत डोकं घातलं. डेन्मार्कला फोन लावला, तिथे सकाळचे सातच वाजले होते, कुणी उचलला नाही. भाऊजी सगळ्यांकडे वळून म्हणत होते, "टू मिनिट्स, इन्शाल्ला, टू मिनिट्स." चहा झाला. दुसरा चहा झाला. अरबाबचा धाकटा मुलगा मोबाइलवर बोलत लांब गेला. एक पाहुणा दुसऱ्याच्या कानात काही बोलला आणि दोघे हसले. मी चहाच्या टेबलामागे उभी राहून भाऊजींच्या कॉलरमध्ये घाम उतरताना बघत होते. मला इतकं बरं वाटत होतं की माझं मलाच नवल वाटलं. इतका गोड चहा मी पुन्हा प्यायले नाही.

बऱ्याच वेळाने अरबाबने हाताने खूण करून भाऊजींना जवळ बोलावलं. आवाज चढवला नाही.

"हवा तो ज़ोहर के बाद आती है," तो म्हणाला. ज़ोहर म्हणजे दुपारची नमाज. "यहाँ का बच्चा-बच्चा जानता है. मेरा बाप उसी टाइम नाव निकालता था. तुम लोग एक साल इधर डंडा लगाके बैठा, तुमको मालूम नहीं पड़ा?"

भाऊजींनी मेहुण्याकडे पाहिलं, मेहुण्याने पॅनेलकडे.

"तुम्हारे ऑफिस में किसी को मालूम नहीं था?" अरबाबने विचारलं, आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत त्याची नजर माझ्यापर्यंत आली.

ती नजर माझ्यावर थांबली. इथे मला स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण नंतर मी स्वतःला बरंच काही सांगून पाहिलं आहे. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, "मुझे मालूम था, अरबाब. दोपहर तक बैठिए, मैं चलाके दिखाती हूँ." तो बसला असता. त्याला माणसं कळायची. चक्की दुपारी फिरली असती, काम मिळालं असतं, आणि ते मशीन कुणाच्या हातात द्यायचं हेही त्याने तिथल्या तिथे ठरवलं असतं. ज्या खुर्चीसाठी मी कोट घेतला होता ती खुर्ची तंबूत माझ्यापासून चार पावलांवर होती.

पण मी बोलले असते तर भाऊजी वाचले असते. त्यांनी तिथल्या तिथे हसून म्हटलं असतं, "देखा अरबाब, हमारी मॅडम!" आणि सगळं श्रेय खिशात घालून घरी गेले असते.

मी मान खाली घालून कप विसळायला घेतले.

"जिस आदमी को हवा का टाइम मालूम नहीं," अरबाब उठत म्हणाला, "उससे मैं हवा का मशीन नहीं लेता. खलास." आणि तो गाडीत बसून गेला. पाठोपाठ सगळे गेले. केटररची भांडी भरलेलीच होती.

भाऊजींचं डोकं दुखायला लागलं होतं. "वहिनी, तुम्ही आवरून व्हॅनने या," म्हणाले आणि मेहुण्याला घेऊन निघून गेले. घरी जाऊन गोळी घेऊन, एसी लावून झोपले, असं त्यांच्या बायकोने मला नंतर सांगितलं.

मी तंबूत एकटी बसून बिर्याणी खाल्ली. केटररची पोरं सावलीत आडवी झाली होती. दोनच्या सुमाराला आधी तंबूची कनात फडफडली. मग कागदी कप गालिच्यावरून गडगडत गेले. मग वरून एक हळू कण्हल्यासारखा आवाज आला. बटण दाबलेलंच होतं, रागाच्या भरात कुणी बंद केलं नव्हतं. चक्कीने तोंड समुद्राकडे वळवलं, एक पातं खाली आलं, दुसरं आलं, आणि बघता बघता ती सूर धरून फिरायला लागली. बंगल्याचा पंप चालू झाला, हौदात पाणी पडायला लागलं.

मी टॉवरवर हात ठेवून उभी राहिले. जिंकल्याचा आनंद होता, खोटं कशाला बोलू. पण ती फार सुंदर फिरत होती आणि बघायला मी एकटीच होते.

अरबाबने पुढच्या चक्क्या घेतल्या नाहीत. उभी असलेलीही वर्षभरात उतरवून शारजाच्या भंगारवाल्याकडे गेली. भाऊजींची कंपनी आकसत गेली, नवीन ऑफिस राहिलंच, मेहुणा परत एसी विकायला लागला आणि मग भारतात गेला. मला काहीच मिळालं नाही. मी आणखी दोन वर्षं तिथेच सेक्रेटरी होते, मग दुसरीकडे नोकरी मिळाली, आणि आता आमच्या मुलीचं ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये आहे, इंजिनिअर म्हणून, दारावर तिचं नाव आहे. हे लिहिताना मी तिला हा प्रसंग वाचून दाखवला. ती म्हणाली, "आई, दॅट वॉज सो मीन." थोड्या वेळाने म्हणाली, "बट यू लव्ह्ड दॅट मशीन." मी तिला म्हटलं, जा, कुकर लाव.

मशीन भंगारात गेल्यावर डेन्मार्कच्या माणसाचा फोन आला होता. भाऊजी त्याचा फोन घेत नव्हते, म्हणून मी घेतला. समारंभाचं आणि भंगाराचं त्याच्या कानावर गेलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "त्या दिवशी ती फिरली का?"

"फिरली," मी म्हटलं.

"कुणी पाहिली?"

"मी."

"तू आवाज ऐकलास?"

"ऐकला."

"मग हिस्सा तुझा," तो म्हणाला, आणि विचारलं, "पण मग उतरवली का?"

त्याच्या लोकांनी राग आल्यावर ती बांधली होती. मी लाइन खराब असल्याचं सांगून फोन ठेवला. भाऊजींपुढे मला कधी मान खाली घालावी लागली नाही, आजही लागत नाही. या एका माणसापुढे लागते.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात एका लग्नात भाऊजी भेटले. आता ते निवृत्त होऊन तिकडेच असतात, हातात काठी आली आहे. पंगतीत माझ्या शेजारी बसून ते आजूबाजूच्यांना तीच गोष्ट रंगवून सांगत होते, किती मोठं काम हातचं गेलं. "वर्षभर वारा, आणि नेमका त्या दिवशी नाही! नशीब, दुसरं काय. या वहिनी साक्षीला आहेत. बिचाऱ्यांनी किती धावपळ केली होती." आणि माझ्या पानात स्वतःच्या हाताने जिलबी वाढली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मला माझ्यात तेव्हा जाणवला. मी जिलबी खाल्ली आणि म्हटलं, "हो ना, नशीबच."

भाऊजी वाचतात, मला माहीत आहे. मराठी पुस्तक सोडत नाहीत. हे छापून आलं की पहिली प्रत त्यांच्याच पत्त्यावर जाईल. म्हणून त्यांच्यासाठी इथे लिहिते. नशीब नव्हतं, भाऊजी. वेळ मी सांगितली होती. आणि वारा त्या दिवशीही आला होता, रोजच्यासारखा. तुम्ही झोपला होतात.